ऑक्टोबर हीट, दिवाळी आणि दमा: ठाणे-नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी तयारी

साताऱ्याजवळच्या गावातून घोडबंदर रोडला राहायला आले, त्या वर्षी घटस्थापनेच्या सुमारास मला खोकला सुरू झाला. दिवसा काही नाही, रात्री आडवं पडलं की सुरू. पहाटे तीन-चारला उठून खिडकीशी बसायचं, छातीत बारीक शिट्टी वाजायची. "हवापाणी बदललंय, होईल सवय," असं सगळे म्हणत होते आणि मलाही ते पटत होतं. तीन आठवडे मी खोकल्याची औषधं घेतली, एका दवाखान्यातून दोनदा अँटिबायोटिक घेऊन आले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री सोसायटीच्या आवारात फटाके सुरू झाले आणि अर्ध्या तासात माझी अशी अवस्था झाली, की नवऱ्याला "हॉस्पिटलला चल" हे दोन शब्दसुद्धा सलग सांगता येईनात.

तो दमा होता. लहानपणापासून सकाळी उठलं की दहा-बारा शिंका यायच्या, नाक कायम चोंदलेलं असायचं. त्याच ॲलर्जीचं ते पुढचं रूप. पुढे माझ्या लेकीलाही तोच त्रास निघाला. आता आम्हा दोघींचा शरद ऋतू बरा जातो, कारण तयारी दिवाळीत सुरू न करता गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू करतो. अनंत चतुर्दशी ते लक्ष्मीपूजन हे साधारण सहा आठवडे. छातीची सूज कमी करणाऱ्या औषधाला नीट काम करायला तेवढेच आठवडे लागतात. म्हणून खालच्या पायऱ्या मी तारखांऐवजी सणांच्या क्रमाने लावल्या आहेत.

1. आधी हे समजून घ्या: इथे ऑक्टोबरच का बाधतो

"वैद्यानां शारदी माता" हे वचन आमच्या गावचे वैद्य नेहमी म्हणायचे. शरद ऋतू म्हणजे वैद्यांची आई, कारण या दिवसांत रोगी वाढतात. आपल्या भागात त्याची कारणं डोळ्यांना दिसण्यासारखी आहेत.

मुंबई परिसरातून मोसमी पाऊस माघारी जाण्याची सर्वसाधारण तारीख 8 ऑक्टोबर. तोवर चार महिने भिंती ओल्या असतात. कपाटामागे, बाथरूमच्या छताला, पश्चिमेकडच्या भिंतीला बुरशी धरलेली असते. पाऊस थांबून ऊन तापलं की ती सुकते आणि तिचे बीजाणू हवेत उडतात. त्याच वेळी येऊरच्या पायथ्याचं, खारघरच्या टेकड्यांवरचं, मोकळ्या प्लॉटवरचं गवत वाळायला लागतं. गाजर गवत तर रिकाम्या जागेत सगळीकडेच. रस्त्यांची, मेट्रोची, इमारतींची कामं पावसानंतर जोरात सुरू होतात आणि चार महिने चिखल होऊन बसलेली माती धूळ होऊन उडते. त्यातच वारे फिरतात. पावसाळ्यात समुद्रावरून येणारी स्वच्छ हवा कमी होते, रात्री आणि पहाटे जमिनीकडून वारा येतो आणि धूर खालीच साचून राहतो.

आणखी एक गोष्ट नव्या माणसाला कुणी सांगत नाही. ठाण्यात आणि नवी मुंबईत रस्त्याकडेला सप्तपर्णी, म्हणजे सातवीण, बरीच लावलेली आहे. ती याच दिवसांत फुलते आणि संध्याकाळनंतर तिचा उग्र गोडसर वास सुटतो. अनेकांना तो आवडतो. दमेकऱ्यांपैकी काहींची छाती मात्र उग्र वासाने आवळते. माझी आवळते. संध्याकाळी ठरावीक रस्त्यानेच खोकला येत असेल तर मान वर करून झाड बघा.

2. विसर्जनानंतरचा पहिला आठवडा: छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि कागद सोबत न्या

त्रास सुरू व्हायच्या आधी जायचं. हे अनेकांना विचित्र वाटतं, पण दमा असलेल्या माणसाची श्वासनलिका त्रास नसतानाही आतून थोडी सुजलेली असते.

सोबत एका फाइलमध्ये हे ठेवा:

- जुनी प्रिस्क्रिप्शन्स आणि सध्या घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. डोळ्यांत घालायचे थेंबसुद्धा लिहा, कारण काचबिंदूच्या काही थेंबांनी (टिमोलॉल) आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनी दमा बळावतो.
- दुखण्याच्या गोळ्यांनी (ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन) कधी धाप लागली असेल तर तशी नोंद.
- छातीचा एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, आधीची स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी) असेल तर ती.
- दोन आठवड्यांची डायरी: रात्री किती वेळा उठलात, पंप (श्वासातून औषध घ्यायचा इन्हेलर) किती वेळा लागला, त्या दिवशी काय केलं होतं.
- विम्याचं कार्ड, आणि महापालिका किंवा सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर आधार कार्ड.

डायरी सगळ्यात महत्त्वाची. डॉक्टरांसमोर बसलं की आपण "थोडा खोकला आहे" असं म्हणतो. डायरीत "मंगळवार, पहाटे 3:20, उठून बसावं लागलं" असं लिहिलेलं असतं.

एक्स-रे चांगला आला म्हणजे दमा नाही, असं समजू नका. दम्यात तो बहुतेक वेळा चांगलाच येतो. खरी तपासणी स्पायरोमेट्रीची. नळीत जोरात फुंकायचं, किमान सहा सेकंद फुंकत राहायचं, असं तीनदा. मग पंपाचं औषध देऊन पुन्हा फुंकायला लावतात. मोठ्या माणसाच्या फुंकरीच्या आकड्यात किमान 12 टक्के आणि 200 मिलिलिटर सुधारणा झाली तर दम्याकडे बोट जातं. तपासणीच्या आधी कुठला पंप किती तास बंद ठेवायचा हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. मी न विचारता सकाळी पंप घेऊन गेले होते, आणि सगळं पुन्हा करावं लागलं.

इथला सापळा: "एका रक्ततपासणीत शेकडो ॲलर्जी" अशी पॅकेजेस. आमच्या एका शेजारणीने अशा रिपोर्टवरून वांगं, डाळ, दूध, गहू सगळं बंद केलं आणि वजन उतरवून बसली. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध काही सापडलं म्हणजे त्याने त्रास होतोच असं नाही. तपासणी कुठली करायची ते डॉक्टरांनी तुमची हकीकत ऐकून ठरवायचं. त्वचेवर टोचून करायची चाचणी सांगितली तर ॲलर्जीच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात, तेही विचारून घ्या.

3. दोन पंपांतला फरक पाठ करा

एवढं एक कळलं तरी निम्मा गोंधळ संपतो.

आराम देणारा पंप: साल्ब्युटामॉल. काही मिनिटांत श्वासनलिका मोकळी होते, परिणाम चार-सहा तास. सूज तशीच राहते.

आवर घालणारा पंप: यात इन्हेल करायचं स्टिरॉइड असतं, उदाहरणार्थ ब्युडेसोनाइड. रोज, त्रास असो-नसो. परिणाम हळूहळू दिसतो. काहींना ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप देतात आणि तोच दोन्ही कामांना वापरायला सांगतात.

पहिले दोन ऋतू मी फक्त पहिलाच वापरला, कारण त्याने लगेच बरं वाटायचं. जागतिक स्तरावरच्या दम्याच्या मार्गदर्शक सूचना, ज्यांना जिना म्हणतात, त्यांनी 2019 पासून स्पष्ट केलं आहे की नुसत्या साल्ब्युटामॉलवर दम्याच्या रुग्णाला ठेवू नये. सूज आत वाढत राहते आणि मग एके रात्री एकदम मोठा झटका येतो. माझ्या बाबतीत तसंच झालं. आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर दमा आटोक्यात नाही, एवढं लक्षात ठेवा.

रंगावरून पंप ओळखू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. डबीवरचं औषधाचं नाव वाचा. मी दोन्हींवर मार्करने मराठीत लिहून ठेवलंय: "रोजचा" आणि "अडचणीचा".

"स्टिरॉइड नको गं बाई, सवय लागते," असं सासूबाई म्हणायच्या. त्यांना मी आकडे दाखवले. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण 100 ते 200 मायक्रोग्रॅम औषध, तेही थेट श्वासनलिकेत. मोठा झटका आला की पोटातून द्यावी लागणारी गोळी 40 मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम, आणि ती सगळ्या अंगात जाते. दोन्ही औषधांची ताकद वेगळी आहे, त्यामुळे ही काटेकोर तुलना नाही. पण रोजचा छोटा डोस कशासाठी घ्यायचा ते त्यांना उमगलं. सवय पंपाची लागत नाही. दमा मुळात वर्षानुवर्षं सोबत राहणारा आजार आहे.

आणि कागदात बांधलेल्या, नाव नसलेल्या पुड्या कुणी कितीही खात्रीने दिल्या तरी घेऊ नका. अशा पुड्यांत कधीकधी स्टिरॉइडच मिसळलेलं असतं, आणि ते किती हे कुणालाच माहीत नसतं.

4. पंप ओढायला नीट शिका

दुसऱ्या वर्षी नव्या डॉक्टरांनी मला विचारलं, "ताई, पंप कसा घेता ते दाखवा बघू." मी बटण दाबलं, मग श्वास घेतला. ओठांच्या कोपऱ्यातून पांढरा धूर बाहेर आला. त्या म्हणाल्या, "हे बाहेर आलेलं बघितलंत? हे औषध तुमच्या छातीत गेलंच नाही." वर्षभर मी ते असंच हवेत सोडत होते.

फवाऱ्याच्या पंपाची पद्धत:

झाकण काढा, आत काही अडकलंय का बघा. हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर एक-दोन फवारे हवेत सोडा. श्वास पूर्ण बाहेर सोडा. ओठ घट्ट मिटा. सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच दाबा आणि श्वास घेतच राहा. दहा आकडे मोजेपर्यंत रोखा. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून पुन्हा सगळं तसंच.

स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, घ्या. मोठ्यांनीसुद्धा. तो लहान मुलांसाठीच असतो हा गैरसमज आहे. औषध घशात चिकटण्याऐवजी खोल जातं. लहान मुलांसाठी मास्क लावलेला मिळतो. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून हवेवर वाळवा. फडक्याने आतून पुसलात तर प्लास्टिकवर वीजभार येतो आणि औषध भिंतीला चिकटतं.

कॅप्सूल घालायचा पावडरचा पंप असेल तर पद्धत उलटी: श्वास जोरात आणि खोल ओढायचा, पंपात फुंकर मारायची नाही, शेवटी कॅप्सूल रिकामी झाली का बघायचं. एका प्रकारावरून दुसऱ्यावर गेलेली माणसं इथेच चुकतात.

रोजच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो. पंप संपला का हे पाण्यात तरंगवून बघू नका. आकडा दाखवणारा पंप मागा, नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर लिहा. 200 फवाऱ्यांचा पंप रोज चार घेतले तर 50 दिवस.

जनऔषधी केंद्रात काही इन्हेलर जेनेरिक नावाने मिळतात. डॉक्टरांना विचारून घेतलेत तर महिन्याचा खर्च हलका होतो.

5. नाकाकडे दुर्लक्ष नको

नाक आणि छाती ही एकच वाट. नाक चोंदलेलं राहिलं की छाती आवरत नाही. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टिरॉइड स्प्रे दिला तर तो रोज वापरायचा असतो, परिणामाला काही दिवस लागतात. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न बसता बाहेरच्या बाजूला जातो आणि नाकातून रक्त येत नाही.

नाक लगेच मोकळं करणारे थेंब (झायलोमेटाझोलिन) पाच दिवसांच्या वर वापरू नका. पुढे ते थेंब सोडले की नाक जास्तच बंद होतं. नाक मिठाच्या पाण्याने धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या.

6. घट बसण्याआधी: घरातली साफसफाई

दिवाळीची साफसफाई हे दमेकऱ्यासाठी फटाक्यांइतकंच मोठं संकट आहे. शक्य असेल तर माळा काढायचं काम दुसऱ्याने करावं आणि तुम्ही त्या दिवशी बाहेर जावं. घरातल्यांना हे स्पष्ट सांगा, संकोच करू नका. नाइलाज असेल तर एन-95 मास्क लावा. ओढणी किंवा कापडी मास्क बारीक धूळ अडवत नाही.

कोरडं झाडू-फडकं नको, ओलं फडकं. पंख्याचं पातं पुसताना जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवायचा आणि ओढून घ्यायचा, सगळी धूळ अभ्र्यातच राहते, पलंगावर पडत नाही. एसीची जाळी धुवा.

गाद्या, गोधड्या, हिवाळ्याची ब्लँकेट्स यांत धुळीतले बारीक किडे असतात. चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा, 60 अंशांच्या गरम पाण्यात. गादी ऑक्टोबरच्या कडक उन्हात तापू द्या, पण बडवायला तुम्ही जाऊ नका.

बुरशीवर रंगाचा हात मारून ती जात नाही. आधी गळती बंद करा, मग पाण्यात ब्लीच घालून पुसा, वाळू द्या, मग रंग. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, त्यातून क्लोरिन वायू सुटतो. धडधाकट माणसाचीही छाती त्याने पेटते. रंगकाम असेल तर वास जाईपर्यंत दुसरीकडे झोपा.

कबुतरं खिडकीच्या छज्ज्यावर, डक्टमध्ये बसत असतील तर जाळी लावून घ्या. सुकलेली विष्ठा झाडू नका, ओली करून काढा. तिच्यामुळे फुफ्फुसाचा एक वेगळा, दम्यापेक्षा हट्टी आजारही होतो.

आणि मच्छर कॉइल. एका जुन्या अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके मोजले गेले होते. खिडकीला जाळी लावा, मच्छरदाणी लावा. उदबत्ती-धूप देवासमोर करायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळ. आम्ही निरांजनावर आलो आहोत.

7. कोजागिरीपासून: हवेचा आकडा आणि फुंकरीचा आकडा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं "समीर" ॲप फोनवर घ्या. त्यात दिसणारा हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक 100 पर्यंत असेल तर ठीक, 101 ते 200 मध्यम, 200 च्या वर खराब, 300 च्या वर अतिखराब. आपल्या घराजवळचं केंद्र निवडा. मासुंदा तलावाजवळची हवा आणि तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्याजवळची हवा एकाच दिवशी सारखी नसते. खारघरला माझी नणंद राहते, तिकडे काही रात्री रासायनिक वास येतो. तेव्हा ती खिडक्या बंद करते, वेळ लिहून ठेवते आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करते.

पहाटे फिरायला जायची सवय असेल तर या दिवसांत उन्हं वर आल्यावर जा. पहाटे धूर जमिनीलगत असतो. गावाकडची "पहाटेची हवा चांगली" ही समजूत इथे सोडावी लागते.

पीक फ्लो मीटर नावाची छोटी नळी काही शे रुपयांत मिळते. उभं राहून तीनदा जोरात फुंकायचं, सगळ्यात मोठा आकडा लिहायचा, सकाळ-संध्याकाळ. बरं असतानाचा तुमचा सर्वोत्तम आकडा समजा 400 असेल, तर 320 च्या वर हिरवा, 200 ते 320 पिवळा, 200 च्या खाली लाल. पिवळ्यात गेलात तर काय करायचं हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. हा कागद आमच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे. लेकीच्या वर्गशिक्षिकांकडे त्याची एक प्रत आणि एक पंप दिलेला आहे.

8. दिवाळीचे चार दिवस

सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवून दिली आणि कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच परवानगी दिली. सोसायटीच्या सभेत दिवाळीआधीच विषय काढा: फटाके इमारतीच्या तोंडाशी नकोत, एका कोपऱ्यात ठरलेल्या वेळी. भांडायला जाऊ नका, लेकरू पुढे करून नम्रपणे सांगा. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी ऐकलं.

लहान मुलांच्या हातातले "निरुपद्रवी" फटाके जास्त जपून. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मोजणी केली तेव्हा सूक्ष्म कणांचं सर्वांत जास्त प्रमाण नागगोळीच्या धुरात आढळलं होतं. आवाज नाही म्हणून ती आपण मुलांना देतो आणि मूल वाकून बघतं.

संध्याकाळी सातपासून दारं-खिडक्या बंद. धूर निवळला की उघडा. रोजचा पंप गडबडीत राहू देऊ नका, आम्ही अभ्यंगस्नानाच्या उटण्याशेजारीच ठेवतो. पाहुण्यांकडे मुक्कामाला जाताना दोन्ही पंप आणि स्पेसर पिशवीत.

9. झटका आलाच तर

सरळ बसा, आडवं होऊ नका. अडचणीचा पंप स्पेसरमधून, एकेक फवारा, प्रत्येक फवाऱ्याला चार-सहा श्वास. साधारण चार फवारे, मग काही मिनिटं थांबा. फरक नसेल तर पुन्हा घ्या आणि निघा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे आकडे दिले असतील तर ते पाळा.

थेट हॉस्पिटल गाठायच्या खुणा: वाक्य पूर्ण करता येत नाही, ओठ-नखं निळसर, श्वास घेताना फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते, मूल गळून गेलंय किंवा झोपाळलंय, किंवा घरघर अचानक थांबली पण धाप तशीच आहे. ही शेवटची खूण फसवी आहे. "शिट्टी थांबली, बरं वाटतंय" असं घरच्यांना वाटतं, आणि आत हवाच जात नसते. 108 ला फोन करा, वाटेत पंप चालू ठेवा.

हॉस्पिटल आधीच ठरवून ठेवा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी रस्त्याच्या आपल्याच बाजूचं बघा, संध्याकाळच्या गर्दीत यू-टर्नला लागणारी वीस मिनिटं जीवावर बेततात. एका शांत दिवशी तिथे जाऊन विचारून या: रात्री डॉक्टर असतात का, ऑक्सिजन आणि नेब्युलायझर (औषधाचे बारीक तुषार श्वासातून देणारं यंत्र) आहे का, दार कुठलं.

10. भाऊबीज झाल्यावर

बरं वाटतंय म्हणून रोजचा पंप स्वतःहून बंद करू नका. दमा दोन-तीन महिने आटोक्यात राहिला तर डॉक्टर डोस हळूहळू कमी करतात. म्हणून दिवाळी संपताच पुढची अपॉइंटमेंट घ्या, साधारण जानेवारीतली. त्या दिवशी डायरी, पीक फ्लोचे आकडे आणि दोन्ही पंप सोबत न्या, आणि पंप कसा ओढता ते डॉक्टरांना पुन्हा एकदा करून दाखवा.